न घासलेली कळशी

“ही घासली न्हाय व्हय गं कुणी?” दूध संस्थेतल्या बायडाबाईंनी एवढ्या मोठ्यानं विचारलं की हॉलमधली चार माणसं वळून बघायला लागली.

शिवलीलानं त्यांचा दंड धरला. “हळू बोला की. दूध संस्था न्हाय ही.”

“न्हाय तर न्हाय. पर काळीकुट्ट हाय बघ. बुडाला तर हिरवं आलंय. आन् खाली तुझ्या नवऱ्याची सही. लोक काय म्हणतील? मास्तरणीच्या घरात चिंच मिळंना झाली?”

शिवलीलाला हसू आलं आणि रागही आला. चित्रातली कळशी तिचीच होती, यात शंका नव्हती. खांद्याजवळचा तो पोचा, काठाचा एका बाजूला किंचित चेपलेला ओठ. गडहिंग्लजच्या बाजारात तिच्या वडिलांनी, अप्पांनी, तीन दुकानं फिरून घेतलेली, लग्नात तिच्याबरोबर आलेली तांब्याची कळशी. कसबा बावड्याच्या दोन खोल्यांत ती ओट्याच्या कडेला, खिडकीखाली असायची. दिवसाआड चिंच आणि मीठ लावून शिवलीला ती अशी घासायची की शेजारची पोरं तिच्यात तोंड वाकडं करून बघायला येत. आणि इथं, दसरा चौकातल्या कलादालनात, गावभरच्या माणसांसमोर, नवऱ्यानं ती काळी करून टांगली होती.

शशिधर मगदूम सरांना शाळेत चित्रकला शिकवायला लागून पंचवीस वर्षं झाली होती. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून हे प्रदर्शन भरवलं होतं. बाकीची चित्रं शिवलीलाच्या ओळखीची होती. रंकाळा, पंचगंगेचा घाट, गुऱ्हाळाची धुराडी, गगनबावड्याचं धुकं. रविवारी सर सायकलला बोर्ड बांधून जात आणि संध्याकाळी चित्र भिंतीला टेकवून ठेवत. ती भाकरी थापता थापता बघायची आणि “चांगलं झालंय” म्हणायची. सरांनाही तेवढंच पुरायचं. पण मधल्या भिंतीवरचं हे चित्र तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

“काकू, तुमची कळशी!” तेजस्वी लगबगीनं आली. शाळेत असताना सरांच्या मागं मागं फिरणारी ही मुलगी आता स्वतः कला महाविद्यालयात शिकवत होती. प्रदर्शनाची सगळी धावपळ तिचीच. “ओळखलीत ना? सरांनी हे कुणाला दाखवलंच नव्हतं. शाळेतल्या कपाटामागं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सापडलं. मी म्हटलं, सर, हे नसलं तर प्रदर्शनच नको.”

“चांगलं हाय,” शिवलीला म्हणाली. “पर घासून काढायची न्हाय का?”

तेजस्वी हसली, पण तिच्यावर नाही. “इथून नाही, काकू. चार पावलं मागं या. अशा. आता डोळे थोडे बारीक करा. काय दिसतंय?”

“काळी कळशी.”

“आता तिच्यात काळा रंग शोधून दाखवा.”

बायडाबाई “आमास्नी न्हाय बाई असली कोडी” म्हणत चहाच्या टेबलाकडं गेल्या. शिवलीला बघत राहिली. बघण्याची सवय तिला कामानं लावली होती. दूध संस्थेत ती फॅट काढायची, म्हणजे दुधातला चरबीचा अंश मोजायची. नळीतलं दूध यंत्रात फिरवून झालं की वर साचलेला थर डोळ्यासमोर बरोबर सरळ धरून वाचायचा, जरा वरून बघितलं तर कमी, जरा खालून बघितलं तर जास्त. तशीच ती आता चित्राकडं बघू लागली, आणि काळा रंग तिला सापडेना. गळ्याशी पिकल्या जांभळाचा रंग होता. पोटावर तपकिरी, पण एकच तपकिरी नाही. शेंगदाण्याच्या फोलपटासारखा तांबूस, त्याच्या आत खोल विटकरी, जणू मूळचं तांबं आतून अजून जागं होतं. काठावरून पाणी ओघळून जिथं वाळत गेलं होतं तिथं बारीक हिरवट रेघा उतरल्या होत्या. खिडकीचा चौकोन कळशीच्या फुगीर पोटावर वाकून, लांब होऊन पडला होता. पोच्यात एवढीशी सावली साठली होती. आणि ओठाच्या चेपलेल्या जागी पाण्याचा एक थेंब लोंबत होता, आता पडेल असा. तिचा हात नकळत पुढं झाला.

“दिसलं ना?” तेजस्वी हळूच म्हणाली. “इथं सरांनी काही सजवलं नाही. वस्तू जशी होती तशी तिला राहू दिली. आणि बघा, खाली डाव्या कोपऱ्यातला हा पिवळट तुकडा. काय आहे कोण जाणे, कापड असावं. पण तो झाकला ना, तर सगळं चित्र थंड पडतं.”

तिनं तळहातानं तो कोपरा झाकून दाखवला. खरंच, कळशी एकटी पडली. हात काढला, आणि तिला पुन्हा ऊब आली.

तेरा-चौदा वर्षं ह्या कळशीला तिचा हात रोज लागत होता, आणि ती अशी तिला कधी दिसली नव्हती. एवढ्या मायेनं बघणारा माणूस आपल्या घरात राहतो, हे तिला अभिमानाचं वाटलं. संध्याकाळी त्याला सांगायचं, चांगलं झालंय एवढंच नाही, नीट सांगायचं, असं तिनं ठरवलं.

आणि मग, नळीवरचा आकडा वाचावा तसा, एक साधा प्रश्न तिच्यासमोर आला. ही कळशी अशी काळी मी पाहिली नाही. मग ह्यांनी कधी पाहिली?

तांबं काही एका रात्रीत असं होत नाही. आधी चमक जाते, मग ते विटतं, मग हळूहळू तपकिरी चढते. हिरव्या रेघा यायला तर पाणी कितीदा तरी ओघळून वाळावं लागतं. दोन-चार दिवस ती गावाला गेली तरी आल्यावर कळशी फक्त मळकी दिसायची. इतकी काळी व्हायला महिने लागतात. आणि एवढे महिने ती ह्या घराबाहेर एकदाच राहिली होती.

त्र्याण्णवचा पावसाळा. पहिलं बाळंतपण, म्हणून सातव्या महिन्यात ती गडहिंग्लजला माहेरी गेली होती.

मुलगा झाला. अशक्त होता. डॉक्टरांनी दवाखान्यातच ठेवून घेतला. अप्पांनी शाळेत फोन केला, जावईबापू, येऊन जावा, पोरगं कमजोर हाय. जावई आले नाहीत. मूल बारशाच्या आधीच गेलं. माती देऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सर पिशवी घेऊन दारात उभे राहिले. “हेडमास्तरांनी रजा दिली न्हाय,” ते म्हणाले. “इन्स्पेक्शन हाय म्हणाले.” एवढं बोलून ते उंबऱ्यावरच खाली बसले, आणि तिच्या आईनं, अव्वानंच, त्यांना पाणी दिलं.

मुलाचा फोटो नव्हता. तान्ह्या लेकराचा फोटो कोण काढतंय? पुढं केव्हातरी, वर्ष-दीड वर्षानं, तिनं विचारलं होतं, “तुम्ही एवढी चित्रं काढता, त्याचं एक काढा की.” तेव्हा सर तोंड फिरवून म्हणाले होते, “मी बघितलाच न्हाय त्याला. कसा काढू?” त्या दिवशी दोघंही रडली होती. नंतर मूल झालं नाही. सगळा राग मग हेडमास्तर गणपतराव साळोख्यांवर जाऊन बसला. त्या माणसानं चार दिवस सोडलं असतं तर निदान एक कागद तरी राहिला असता, हे तिनं मनात धरून ठेवलं. त्यांच्या घरी हळदीकुंकवाला ती कधी गेली नाही. ते घरी आले की ती मागच्या दारानं संस्थेत निघून जायची.

आणि नवऱ्याला तिनं माफ केलं होतं ते एका गोष्टीवरून. मोकळ्या ओटीनं ती कोल्हापूरला परत आली, तेव्हा ओट्याच्या कडेला कळशी लखलखत होती. भांड्याला कधी हात न लावणाऱ्या माणसानं ती चिंचेनं घासून ठेवली होती. हे तिनं बायडाबाईंना सांगितलं होतं, अव्वाला सांगितलं होतं. “बोलत न्हाईत, पर मनात हाय त्यांच्या,” असं ती म्हणायची.

“वहिनी! आज तर तावडीत सापडला की.”

तिनं दचकून मागं बघितलं. गणपतराव उभे होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज तसाच. प्रार्थनेच्या वेळी शेवटच्या रांगेतल्या पोराचे कान गरम करणारा. “आमच्यावर कसला राग हाय काय की. तुमच्या हातचा चहा प्याचा ऱ्हायलाय अजून. मरायच्या आधी पाजणार हाय का न्हाय?”

एरवी ती निघून गेली असती. आज ती थांबली.

“सर, एक विचारू?”

“धा विचारा की.”

“त्र्याण्णव साली आमच्या ह्यांना चार दिवसांची रजा दिली असती तर तुमच्या शाळेचं काय बुडालं असतं?”

गणपतरावांचं हसू जागच्या जागी राहिलं. “कवाची रजा?”

“पावसाळ्यातली. गडहिंग्लजला यायची. आमचं बाळ…”

“आवो दिलेली की!” ते ताडकन बोलून गेले. “माझ्याच टेबलावर फोन आलता तुमच्या वडिलांचा. मीच वर्गातनं बोलवून घेतलं. म्हटलं, मगदूम, अर्ज-बिर्ज मागनं द्या, आधी एस.टी. धरा. आठवडाभर तोंड दाखवू नगा म्हटलं. इन्स्पेक्शन तर दिवाळीनंतर…”

आणि मध्येच ते थांबले. शिवलीलाच्या चेहऱ्याकडं त्यांनी बघितलं, मग समोरच्या कळशीकडं, मग हॉलच्या दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्यांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या सरांकडं. एवढा मोठा आवाज, पण एकदम खाली आला.

“आता वय झालं, वहिनी. माझ्या ध्यानातच चूक असंल. दुसऱ्या कुणाची तरी रजा असंल ती.”

“असंल,” शिवलीला म्हणाली.

“चहा…” एवढंच म्हणून ते वळले.

मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. “काकूंनाही वर बोलवा,” कुणीतरी ओरडलं. सरांच्या शेजारी ती उभी राहिली. फोटोग्राफरला कळशीचं चित्रच मागं हवं होतं. “काकू, जरा सरकून. थोडं हसा की काकू, पंचवीस वर्षांचा सत्कार हाय.” ती सरकली. सर तिच्या कानाशी पुटपुटले, “आवडलं का?” आणि ती म्हणाली, “चांगलं झालंय.”

घरी परतले तेव्हा दुपार कलली होती. सरांनी शाल खुंटीला लावली, नारळ देवापुढं ठेवला आणि खुर्चीत बसून म्हणाले, “चहा टाक. डोकं चढलंय.”

शिवलीला ओट्याला टेकून उभी राहिली.

“ते चित्र कवाचं?”

“कुठलं?”

“कळशीचं.”

“असंल कवाचं तरी. जुनं हाय.”

“मी माहेरी होते तवाचं.”

फेट्याचा दाब सरांच्या कपाळावर उमटला होता, तो ते बोटानं चोळत राहिले.

“गणपतरावांनी रजा दिलती,” ती म्हणाली. “तेरा वर्षं त्या माणसाला पाणी विचारलं न्हाय मी.”

बाहेरून उसाची ट्रॉली धडधडत कारखान्याकडं गेली. मग सर बोलायला लागले, आणि शिवलीलाला नवल वाटलं ते ह्याचं की त्यांना शब्द शोधावे लागले नाहीत. जणू ते इतकी वर्षं तिथंच, ओठाशी, येऊन थांबले होते.

“पिशवी भरली होती मी. ट्रंकेतली झबली, कुंची, तू सांगितलेलं सगळं. सकाळची गाडी. निघताना पाणी प्यायला वाकलो. आठवडाभर पाऊस होता, त्या दिवशी ऊन आलं. खिडकीतनं कळशीवर. मला वाटलं, तासभर बसावं. नुसतं रेखाटून घ्यावं. मग दुपारची गाडी धरावी.”

“मग?”

“दुपारी ऊन गेलं. अर्धंच झालं होतं. म्हटलं, उद्या सकाळी तेवढंच ऊन आलं तर… आलं, शिवा. दुसऱ्या दिवशी पण आलं. तिसऱ्या दिवशी पण. तसलं मला आधी कधी जमलं न्हवतं. नंतर पण न्हाय. हात आपोआप चालत होता. मी म्हणायचो, आज जातो. अंघोळ करून तयार होऊन बसायचो मी.”

“अप्पा स्टँडवर जाऊन बसायचे,” शिवलीला म्हणाली. “शाळेतनं सांगितलं, निरोप देतो. त्यांना वाटलं, निघाला असाल. कोल्हापूरची गाडी आली की उठून बघायचे. पावसात.”

“मला वाटलं न्हवतं असं होईल. लहान मुलं असतात अशक्त. होतात बरी.”

“त्यो तवा जिवंत होता.”

“व्हय.”

“तुम्ही रंग कालवत होता तवा त्यो माझ्या मांडीवर होता.”

“व्हय,” सर म्हणाले. ते रडत नव्हते. रडले असते तर तिला काहीतरी करता आलं असतं. पदर दिला असता, नाहीतर ओरडली असती.

“खाली कोपऱ्यात पिवळं काय हाय?”

त्यांनी मान खाली घातली. “पिशवी.”

शिवलीलानं ओट्याची कड हातानं घट्ट धरली. आतली झबली तिनंच हातानं शिवली होती, जुन्या मऊ धोतराची, टाके आतल्या बाजूला घेऊन, बाळाला टोचू नयेत म्हणून. ती पिशवी आठवडाभर तिथं होती, आणि त्यांना तिचा रंग दिसला होता.

“एकच सांगा,” ती म्हणाली. “मग घासली कशाला?”

“काय?”

“कळशी. मी आले तवा लखलखत होती. मी सगळ्यांना सांगत आले, माझ्यासाठी घासून ठेवली.”

सरांनी तिच्याकडं बघितलं. खोटं बोलायला जागा होती, आणि ते बोलले असते तर कदाचित तिनं तेही घेतलं असतं. पण पंचवीस वर्षं पोरांना चित्र शिकवणारा माणूस सरळ उत्तर देऊन गेला.

“चित्र झालं होतं,” ते म्हणाले.

चहा झाला नाही. शिवलीला आतल्या खोलीत गेली. पलंगाखालून तिनं सरांचा बोर्ड ओढून काढला, त्याला कोरा कागद लावला, चारी कोपऱ्यांना पिना बसवल्या. सरांचं बघून बघून तिला ते येत होतं. बोर्ड आणून तिनं त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पेन्सिल हातात दिली.

“काढा.”

“काय?”

“त्याला.”

“शिवा, मी बघितलाच…”

“ते माहीत हाय मला. मी बघितलाय. मी सांगते.” ती समोर पाटावर बसली, हात मांडीवर ठेवून. “आधी कान काढा. कान वेगळा होता त्याचा. डावा. वरची कड आत दुमडलेली होती, कोवळं पान असतंय तशी. बाळंतिणीची नर्स म्हणायची, मोठेपणी सरळ होईल.”

सरांची पेन्सिल कागदावर टेकली. मग एक बारीक रेघ आली, तिच्यातून दुसरी; बघता बघता कागदाच्या मधोमध एक कान उगवला. मऊ, जिवंत, सावलीत ऊब असलेला. कुणीही बोट लावून बघावा असा. शिवलीलानं वाकून पाहिलं.

“असा न्हाय.”

त्यांनी खोडून परत काढला.

“असा बी न्हाय. एवढा मोठा न्हवता.”

“कड किती दुमडलेली होती?”

“दुमडलेली होती.”

“म्हंजे आत चिकटलेली? का नुसती वाकलेली?”

शिवलीलानं आपल्या मांडीकडं बघितलं. मांडीवरचं वजन तिला आठवत होतं. टाळूचा वास आठवत होता. दूध ओढताना तो थकायचा आणि मध्येच थांबून श्वास घ्यायचा, तो आवाज तर परवाच ऐकल्यासारखा कानात होता. पण कड आत चिकटलेली होती, की नुसती वाकलेली?

“तुम्ही काढा,” ती म्हणाली. “मी बघून सांगते.”

संस्थेची वेळ झाली तशी ती उठली. साडी बदलली नाही, सत्काराचीच नेसून गेली. बायका किटल्या घेऊन रांगेत थांबल्या होत्या. “बघा बघा, मास्तरीण पेपरात येणार उद्या,” बायडाबाईंनी सगळ्यांना ऐकवलं. “पर चित्रात कळशी काळी हाय बायांनो, कुणाला सांगू नगा.” सगळ्या हसल्या. शिवलीलाही हसली. कृष्णात पाटलाच्या बायकोचं दूध पातळ लागलं, ती भांडायला लागली, “माझी म्हस काय पाणी देती व्हय?” शिवलीलानं नळी पुन्हा फिरवली, डोळ्यासमोर सरळ धरून पुन्हा वाचली आणि आहे तोच आकडा सांगितला.

ती परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती, पण घरात दिवा नव्हता. सर तिथंच, खिडकीजवळ खुर्ची ओढून, उरलेल्या उजेडात वाकून बसले होते. जमिनीवर कागद पसरले होते. प्रत्येकावर कान. कुठं एकच, कुठं चार-चार; अर्धवट सोडलेले, पुन्हा गिरवलेले, एका बाजूनं, समोरून, दूध पिताना खालून दिसेल तसे. तिनं न सांगितलेल्या बाजूनंही त्यांनी काढून बघितले होते.

तिनं दिवा लावला, पदर खोचला आणि खाली बसून कागद एक एक करून उचलले. नीट, घाई न करता, प्रत्येक उजेडाकडं धरून.

“न्हाय,” ती म्हणायची आणि कागद बाजूला ठेवायची. “न्हाय. ह्यो बी न्हाय.”

सर मान वर न करता ऐकत होते.

एका कागदावर ती थांबली. छोटा कान होता, कोपऱ्यात, घाईनं काढल्यासारखा. वरची कड आत वळलेली, आणि मागं केसांच्या दोन-चार रेघा. ती बघत राहिली. तिच्या श्वासाचा आवाज थांबला म्हणून सरांनी वर पाहिलं. असाच होता का? तिनं कागद जवळ धरला, लांब धरला. असाच असेल, किंवा हा बघून आता असाच होता असं वाटायला लागलं असेल. तिला आता यातलं काहीच सांगता येईना. आणि सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. अप्पा नव्हते, अव्वा नव्हती.

हे तिनं त्यांना कळू दिलं नाही.

“ह्यो बी न्हाय,” ती म्हणाली आणि कागद बाकीच्यांवर ठेवला.

सरांनी नवा कागद घेतला. पेन्सिलीचं टोक झिजलं होतं. त्यांनी ब्लेड काढलं आणि ते तासायला लागले.